चित्रपटांतील हिऱ्यांची पेंडंट: खरेदीपूर्वी वाचावे असे काही

सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागांत लग्नसराई सुरू होते आणि आमच्या पेढीत ‘टायटॅनिकमधल्यासारखे निळे, बदामाच्या आकाराचे पेंडंट दाखवा’ अशी मागणी हमखास येते. ही मागणी प्रेमापोटी केलेली असते. म्हणूनच त्या पेंडंटची चित्रपटातील गोष्ट आणि प्रत्यक्ष खड्याची हकिकत या दोन्ही गोष्टी ग्राहकांना ठाऊक असाव्यात, असे आम्हांस मनापासून वाटते.

१९९७ सालच्या त्या चित्रपटात ५६ कॅरेटचा निळा हिरा नायिका रोझला तिचा श्रीमंत वाग्दत्त वर देतो, आणि देतानाच तो कोणत्या राजाच्या अंगावर होता हेही सांगतो. ज्याच्यावर तिचा जीव जडतो त्या जॅककडे देण्यासारखे काहीच नसते. तोच दागिना ती पुढे स्वतःच्या इच्छेने, जॅकने आपले चित्र काढावे म्हणून गळ्यात घालते, तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. २००१ सालच्या ‘मूलाँ रूज’मध्येही हिऱ्यांचा भरगच्च हार नायिकेला देतो तो तिचा आवडता लेखक नव्हे, तर तिला विकत घेऊ पाहणारा ड्यूक. त्या हारात १३०८ खरे हिरे होते आणि तो चित्रपटासाठीच घडवण्यात आला होता. दोन्ही कथांत हिऱ्याचा मोठा दागिना नायिकेला नको असलेल्या माणसाच्या हातून येतो, हे लक्षात घेतले तर लहान खडा पसंत करताना कोणी संकोच करण्याचे कारण उरत नाही.

टायटॅनिकमधील हिरा काल्पनिक आहे. पडद्यावर दिसतो तो खडा क्युबिक झिर्कोनियाचा, म्हणजे कारखान्यात तयार केलेला. त्याची कल्पना मात्र ‘होप’ या खऱ्या निळ्या हिऱ्यावरून सुचलेली आहे. होप ४५.५२ कॅरेटचा असून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि तो गोवळकोंड्याच्या राज्यातील कोल्लूर खाणीतून निघाला असे मानले जाते. आपल्या चिकोडी-अथणी भागातून जी कृष्णा वाहते, तिच्याच खालच्या काठावर ही खाण होती. मेरिलिन मन्रोने १९५३ साली आपल्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी गळ्यात घातलेला २४.०४ कॅरेटचा पिवळसर ‘मून ऑफ बडोदा’ हाही एके काळी बडोद्याच्या गायकवाड घराण्याकडे होता. हॉलिवूडच्या झगमगाटात आपल्या मातीतला आणि आपल्या माणसांकडचा हिरा होता, हे सांगताना आम्हांला आनंद होतो.

हिऱ्याला निळा रंग येतो तो त्यातील अत्यल्प बोरॉनमुळे, आणि असा नैसर्गिक हिरा फारच दुर्मिळ असतो. त्यामुळे बाजारात सहज मिळणारा निळा बदाम बहुधा झिर्कोनिया, काच, निळा पुष्कराज (टोपाझ) किंवा नीलम असतो, अथवा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा असतो. यांपैकी काहीही आवडीने घ्यावे. मात्र खड्याचे खरे नाव पावतीवर लिहून घ्यावे. पावती कन्नड वा इंग्रजीत असली, तर तिच्यातील प्रत्येक ओळ मराठीत समजावून घ्यावी. प्रयोगशाळेतील हिरा रचनेने हिराच असतो. उष्णतेवर चालणारे साधे तपासणी यंत्र त्याला खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळे ओळखू शकत नाही, म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. हिऱ्याबद्दल या खुणा काहीच सांगत नाहीत. १८ कॅरेट सोन्यावर ७५० हा आकडा पाहावा. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, तर हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, आणि असा एक कॅरेट ०.२ ग्रॅमचा असतो.

बदामाच्या आकाराविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. हा खडा अर्ध्या कॅरेटहून बराच लहान असेल, तर कोंदणाचे दाते बसवल्यावर वरची खाच झाकली जाते आणि तो लांबून गोलच दिसतो. कमी खर्चात हा आकार हवा असेल, तर सोन्याचा बदाम घडवून त्यात बारीक गोल हिरे बसवणे अधिक शोभते. एकच खडा हवा असल्यास त्याच्या खालच्या टोकावर इंग्रजी ‘व्ही’सारखी सोन्याची टोपी असावी, कारण टवका उडतो तो प्रथम तिथेच.

अलीकडे काळ्या मण्यांच्या सरीत वाट्यांऐवजी हिऱ्याचे पेंडंट घालण्याची आवड वाढली आहे आणि रोज कामावर जाणाऱ्या मुलींना ते सोयीचेही पडते. परंतु सासूबाईंनी दिलेल्या जुन्या वाट्या मोडीत काढून त्यातून पेंडंट घडवावे, असे आम्ही सुचवत नाही. घडणावळ पुन्हा भरावी लागते, आणि वाट्यांना माहेर-सासरचा जो अर्थ आहे तो पेंडंटला आपोआप येत नाही. वाट्या तशाच ठेवून पेंडंट पुढे सवडीने, लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेले बरे.

रोजच्या वापरातील पेंडंट कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने मागच्या बाजूने धुवावे, कारण तेल व घाम तिथे साचून हिरा मंद दिसतो. वर्षातून एकदा ते पेढीवर आणून कोंदणाचे दाते, साखळीची कडी आणि फासा तपासून घ्यावा.