माळढोक अभयारण्याची सीमानिश्चिती व हरकती-सुनावणी

संकटग्रस्त प्राण्याच्या अधिवासाला कायद्याचे संरक्षण देताना त्या जमिनीवर हक्क असणाऱ्या आणि तिच्यावर पोट असणाऱ्या लोकांचे म्हणणे नोंदवून घ्यावे लागते. महाराष्ट्रात या प्रक्रियेचे सर्वांत बोधप्रद उदाहरण सोलापूरचे आहे. येथील माळढोक पक्षी अभयारण्य (जवाहरलाल नेहरू माळढोक पक्षी अभयारण्य) १९७९ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौ. किमी. होते आणि ते सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांत पसरले होते. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा व करमाळा हे तालुके सोलापूरचे, तर कर्जत, श्रीगोंदा व नेवासे हे तालुके नगरचे. बार्शी रस्त्यावर सोलापूरपासून सुमारे २० किमी.वर असलेले नान्नज हे अभयारण्याचे प्रत्यक्ष केंद्र.

नाव : ‘माळढोक’ या शब्दातील ‘माळ’बद्दल वाद नाही; ‘ढोक’बद्दल आहे. करकोच्याच्या जातीच्या मोठ्या, लांब पायांच्या पक्ष्यांना मराठीत ‘ढोक’ म्हणतात आणि ‘ढोकरी’ हे लहान बगळ्याचे नाव त्याच शब्दाशी जोडले जाते. त्यामुळे ‘पाणथळीऐवजी माळावर राहणारा ढोक’ ही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमणारा खोल आवाज काढतो. ‘ढोक’ हा त्याचाच ध्वन्यनुकारी शब्द असावा, असाही तर्क केला जातो. पण आवाजावरून पडलेले ‘हूम’ हे नाव मराठीत वेगळे आहेच, तेव्हा एकाच आवाजाची दोन इतकी भिन्न अनुकरणे मानणे ओढूनताणून होईल. कन्नडमध्ये त्याला ‘एरेभूत’, म्हणजे काळ्या रानातले भूत, म्हणतात. तेलुगूत ‘बट्टमेक’, गुजरातीत ‘घोराड’ आणि राजस्थानात ‘गोडावण’. शास्त्रीय नाव आर्डिओटिस नायग्रिसेप्स.

अधिवास : सोलापूरचे पाऊसमान वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिमी. मुरमाड, उथळ जमिनीवर कुसळी, पवन्या यांसारखी गवते वाढतात. माळढोकाची मादी पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. घरटे असे नसतेच. उभा नर मीटरभर उंच असतो, तरी त्याला लपायला झाडी नको, लांबवर दिसेल असे मोकळे रान हवे. गवताळ माळ, पडीक व जिराईत शेत यांची सरमिसळ त्याला मानवते. टोळ, भुंगे, बोरे, भुईमूग हे त्याचे खाद्य. म्हणून त्याचा अधिवास अरण्य या शब्दात बसत नाही. काळवीट, लांडगा व खोकड हे याच माळाचे रहिवासी.

प्रारंभ : अभयारण्याचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास नान्नज परिसरातील माळढोकांकडे लक्ष वेधले, तेथून धरणारे अनेक आहेत. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सत्तरीच्या दशकाच्या मध्यास राखलेल्या गवताळ प्लॉटांना काही जण खरी सुरुवात मानतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र १९७९ हेच वर्ष. सर्व धागे पाहता प्लॉट हा टप्पा निर्णायक वाटतो. कुंपणामुळे गवत वाढले आणि वाढलेल्या गवतामुळे पक्षी टिकला. अधिसूचना त्यानंतर आली. ऐंशीच्या दशकात असद रहमानी यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे माळढोकाचा अभ्यास केला, त्यातही नान्नज हे प्रमुख क्षेत्र होते.

कायद्याची चौकट : लोकांचे म्हणणे नेमके कोणत्या टप्प्यावर विचारले गेले, हा या विषयातील कळीचा तांत्रिक मुद्दा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या मूळ कलम १८ नुसार राज्य शासन अधिसूचनेद्वारे थेट अभयारण्य ‘घोषित’ करीत असे. हक्कांची चौकशी त्यानंतर व्हायची. १९९१ च्या दुरुस्तीने ही उतरंड उलटली. आता कलम १८ खाली फक्त ‘उद्देश’ जाहीर होतो, हक्क निकाली निघतात आणि मग कलम २६अ खाली अंतिम घोषणा होते. सोलापूरचे अभयारण्य जुन्या तरतुदीतले असल्याने येथे रेषा आधी आली आणि हरकत नंतर.

कलम १९ नुसार जिल्हाधिकाऱ्याने हक्कांचे स्वरूप ठरवायचे असते. कलम २१ नुसार क्षेत्रातील व शेजारच्या प्रत्येक गावात प्रादेशिक भाषेत उद्घोषणा करायची आणि दोन महिन्यांत लेखी दावे मागवायचे. दाव्यात हक्क कोणता, केवढा आणि भरपाई किती हे लिहावे लागते. दरम्यान कलम २० लागू असते : वारसाहक्क वा मृत्युपत्र याखेरीज त्या जमिनीत नवा हक्क निर्माण होत नाही. जिरायती तालुक्यातल्या शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी वा विहिरीच्या कर्जासाठी अर्धा एकर विकावा लागतो. त्याच्या दृष्टीने अख्ख्या कायद्यातील सर्वांत जड ओळ हीच. चौकशी जितकी रेंगाळते तितकी ही बंदी लांबते. हक्कनिश्चितीची रखडलेली कामे वर्षभरात पुरी करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सर्व राज्यांना दिला होता.

सीमांची फेरआखणी : ८,४९६ चौ. किमी. हा आकडा सोलापूर जिल्ह्याच्या सुमारे १४,९०० चौ. किमी. क्षेत्राच्या निम्म्याहून अधिक भरतो. त्यात गावे, बाजारपेठा, रस्ते, खासगी शेते सगळे आले. वनजमीन त्यामानाने थोडी. तुलनेसाठी, कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौ. किमी. आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, कालव्यांमागे ऊस आला आणि जे माळ म्हणून रेखले होते ते बागाईत झाले. खुद्द नान्नज द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. ‘सोनाका’ या द्राक्षवाणाचे नाव सोलापूर, नान्नज व ते वाण काढणारे बागाईतदार काळे यांच्या आद्याक्षरांवरून पडल्याचे सांगतात.

सीमा कमी करणे सोपे नव्हते. १९९१ नंतर त्यासाठी विधिमंडळाचा ठराव लागे, २००२ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, आणि नोव्हेंबर २००० पासून सर्वोच्च न्यायालयाची अनुमतीही आवश्यक झाली होती. या सर्व वाटा ओलांडून २०१० च्या दशकाच्या सुरुवातीस क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी.पर्यंत खाली आले. या कपातीला काही अभ्यासक माळढोकाचा पराभव मानतात, तर काहींच्या मते राखता येईल तेवढेच कागदावर ठेवणे प्रामाणिकपणाचे होते. दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. मोठ्या रेषेने पक्ष्याला जमीन मिळाली नव्हती. गावांच्या मनात त्याच्याविषयी अढी मात्र बसली होती.

हरकतींचे स्वरूप : खरेदी-विक्री, बिगरशेती परवाना, रस्ते व उद्योग यांवरील अडसर, काळविटांमुळे होणारे पिकांचे नुकसान आणि प्लॉटांतील चराईबंदी हे हरकतींचे नेहमीचे विषय होत. पहिले सातबाराधारकांचे, शेवटचा मेंढपाळांचा. धनगरांची मेंढरे माळावर पिढ्यान्‌पिढ्या हंगामी चरत आली, पण दाव्यात ‘हक्क’ म्हणून दाखवायला त्यांच्यापाशी कागद नसतो. वन हक्क अधिनियम, २००६ मध्ये पशुपालकांच्या हंगामी वापराला मान्यता आहे. तथापि ‘इतर पारंपरिक वननिवासीं’ना, म्हणजे अनुसूचित जमातींबाहेरच्या वननिवासींना, तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनजमिनीवरील वास सिद्ध करावा लागतो. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची प्रक्रिया निराळी आहे : पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत कोणीही हरकत वा सूचना पाठवू शकतो, हक्क दाखवावा लागत नाही.

सागरी प्रदेशाशी तुलना : प्रवाळांच्या अधिवासाबाबतही हाच प्रश्न उद्भवतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये, म्हणजे जुन्याच तरतुदीत, घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौ. किमी., आणि मच्छीमारांचा विरोध आरंभापासून. प्रवाळभित्ती घडविणारे प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव अधिनियमाच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूची १ मध्ये आले. अमेरिकेत एल्कहॉर्न व स्टॅगहॉर्न प्रवाळांना २००६ मध्ये संरक्षित यादीत घेतले आणि त्यांचा ‘निर्णायक अधिवास’ २००८ मध्ये निश्चित झाला. तेथे प्रारूप मांडून लोकांचे म्हणणे घेणे व आर्थिक परिणाम तोलणे रेषेच्या आधी येते. आपल्या कायद्यातही एक लक्षणीय फरक आहे. प्रादेशिक सागराचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे रक्षण करूनच सीमा ठरवावी, असे कलम २६अ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. माळावरच्या मेंढपाळासाठी तसे वाक्य नाही. कोणाच्या उपजीविकेचा उल्लेख कायद्यात नावानिशी येतो याला सुनावणीत फार वजन असते, म्हणून ही उणीव येथे मुद्दाम नोंदविली आहे.

सद्यःस्थिती : देशभरात १९६९ च्या सुमारास १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता, २०१८ च्या आसपास तो १५० वर आला, त्यांतील बहुतेक जैसलमेर भागात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ पासून या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ गणले आहे. नान्नजला अलीकडच्या गणनांत एखादाच पक्षी दिसतो. प्लॉटांतील गवत राखण्याचे व बाहेरून आणून लावलेली गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडे काढण्याचे काम वनखात्याने केले आहे. २००२ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम ३३ब नुसार अभयारण्याच्या सल्लागार समितीत स्थानिक आमदार, पंचायतराज संस्थांचे तीन, स्वयंसेवी संस्थांचे दोन व वन्यजीव संवर्धनातील तीन प्रतिनिधी, तसेच पशुवैद्यक खात्याचा एक अधिकारी असतो. पावसाळ्यात, अंडे जमिनीवर असते त्याच आठवड्यांत, मेंढरांची वाट कोणत्या बाजूने वळवावी हे सांगू शकणाऱ्या मेंढपाळाची जागा त्या यादीत नाही.