ज्याँ बाप्तीस्त शार्बोनो : शोशोनी आईचा, फ्रेंच बापाचा

अमेरिकेने 2000 साली काढलेल्या सोनेरी डॉलरच्या नाण्यावर साकागाविया ही शोशोनी या मूळ अमेरिकन जमातीची तरुणी आहे आणि तिच्या पाठीवर झोपलेलं तिचं बाळ. लुईस आणि क्लार्क यांच्या पॅसिफिकपर्यंतच्या शोधमोहिमेच्या गोष्टीत हे बाळ हमखास येतं आणि मोहीम संपली की गोष्टीतून गायब होतं. पण त्याची खरी परीक्षा पुढेच झाली.

ज्याँ बाप्तीस्त शार्बोनोचा जन्म 11 फेब्रुवारी 1805 चा, आजच्या नॉर्थ डकोटातल्या फोर्ट मँडनमधला. आई आजच्या आयडाहोतल्या लेम्ही शोशोनी लोकांची. हिदात्सा या दुसऱ्या जमातीने तिला लहानपणी पळवून नेलं होतं. पुढे ती तूसाँ शार्बोनो या फ्रेंच-कॅनेडियन फर व्यापाऱ्याची बायको झाली. त्यात तिची मर्जी कोणी विचारली असेल असं वाटत नाही.

आईसोबत पॅसिफिकपर्यंत जाऊन आलेल्या या पोरावर क्लार्कचा जीव जडला. तो त्याला 'पॉम्प' म्हणे. त्याला आपल्याकडे वाढवायची तयारी त्याने 1806 मध्येच दाखवली आणि पुढे सेंट लुईसमध्ये त्याच्या शिक्षणाचा खर्चही केला. माया खरी होती. पण हाच क्लार्क सरकारच्या इंडियन, म्हणजे मूळ अमेरिकन लोकांच्या, खात्याचा अधिकारी होता आणि मूळ रहिवाशांच्या जमिनी काढून घेणारे करार त्याच्याच हातून झाले. या मुलाचं बालपण समजून घेताना हे दोन्ही एकत्रच धरावं लागतं.

1823 मध्ये व्युर्टेम्बर्गचा ड्यूक पॉल विल्हेल्म त्याला युरोपात घेऊन गेला. 1829 मध्ये परतल्यावर तो रॉकी पर्वतात फरसाठी शिकार करू लागला, वाटाड्या झाला. 1846-47 मध्ये मॉर्मन बटालियन या मॉर्मन पंथीयांच्या लष्करी तुकडीला सँटा फेपासून कॅलिफोर्नियापर्यंत वाट दाखवणाऱ्यांत तो होता. तोवर दोन्हीकडचं रक्त ही त्याची जमेची बाजू होती.

सत्ता हाती आली आणि तीच जमेची बाजू अडचण ठरली. नोव्हेंबर 1847 मध्ये त्याला कॅलिफोर्नियातल्या सान लुईस रे मिशनचा अल्काल्दे, म्हणजे न्यायनिवाडाही करणारा स्थानिक प्रशासक, नेमलं. तिथल्या लुइसेन्यो या मूळ रहिवाशांना जमीनदार कर्जात अडकवून राबवून घेत, आणि असल्या कर्जाचे निवाडे त्याच्यासमोर येत. तो स्वतः अर्धा इंडियन, म्हणून इंडियनांना झुकतं माप देतो, अशी तक्रार सुरू झाली. त्याच्या वरिष्ठाने अहवालात त्याने कर्तव्य आपल्या परीने पुरेपूर बजावल्याचं लिहिलं आणि त्याच दमात ही तक्रारही नोंदवली. काम चांगलं, पण रक्त चुकीचं! ऑगस्ट 1848 मध्ये त्याने पद सोडलं.

मग सोन्याच्या शोधात प्लेसर परगणा, 1861 मध्ये ऑबर्नच्या हॉटेलात कारकुनी, आणि 16 मे 1866 रोजी प्रवासात ओरेगॉनमध्ये आजारपणाने मृत्यू. डॅनरजवळच्या त्याच्या दफनस्थळाची 1973 मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली.

वायोमिंगमधल्या विंड रिव्हरचे शोशोनी मात्र वेगळं सांगतात. साकागाविया 1812 मध्ये वारली असं सहसा मानलं जातं; त्यांच्या परंपरेनुसार ती तेव्हा वारली नाही. ती आपल्या माणसांत परतली, 1884 पर्यंत जगली, आणि बाप्तीस्तही तिथलाच होऊन गेला. 1925 मध्ये चार्ल्स ईस्टमन या डकोटा डॉक्टरांनी सरकारसाठी चौकशी करून हीच बाजू उचलून धरली. बहुतेक इतिहासकार ती मानत नाहीत; क्लार्कने 1820 च्या दशकातच आपल्या वहीत तिच्या नावापुढे 'मृत' असं लिहून ठेवलं होतं. तरीही विंड रिव्हरच्या दफनभूमीत मायलेकांची स्मारकं आहेत आणि तिथले लोक त्यांना आपले पूर्वज मानतात.