जुनी जर्मन पेटी: किनाऱ्यावरच्या बाजाराची पार्श्वभूमी

गणपती जवळ आले की कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात जुन्या पेट्यांच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, खरेदी-विक्रीला जोर येतो. भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरतात, खाली मजकूर ठरलेला: ओरिजिनल जर्मन सूर, सागवानी बॉडी, आजोबांच्या काळातली. पेटी घरी आली, आरतीला वाजली, की आठवड्याभरात वाद सुरू होतो. सूर, म्हणजे पेटीच्या आत वाजणाऱ्या पितळी पाती (रीड), खरंच जर्मन आहेत का, सगळे आहेत का, आणि असले तर एवढे कमजोर का?

हार्मोनियम १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये घडली. एका हाताने भाता मारत मांडी घालून वाजवायची पेटी त्यानंतर काही दशकांनी कलकत्त्यात तयार झाली. लाकूडकाम इथलं, पण पितळी सूर बराच काळ पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबला, पुन्हा सुरू झाला, १९३९ला पुन्हा थांबला. स्वातंत्र्यानंतर आयात परवान्यांच्या जाचात अडकली. मधल्या काळात गुजरातेत पालिताण्याला सूर घडवण्याचा धंदा उभा राहिला, आणि आज नव्या पेट्यांत तिथलेच सूर मोठ्या प्रमाणावर दिसतात. त्यामुळे अस्सल जर्मन सूर म्हणून जे विकलं जातं, त्याचं वय सत्तरीच्या पुढेच असायला हवं. नभोवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली आणि १९७१पर्यंत टिकलेली बंदी या गोष्टीत नेहमी आणली जाते, पण दशावताराला आणि भजनाला नभोवाणीच्या परवानगीची गरज कधीच नव्हती.

आपल्याकडे या पेट्या आल्या त्या बऱ्याचशा मुंबईमार्गे. गिरणगावात कोकणातल्या माणसांची भजनी मंडळं होती. चाकरमानी आधी बोटीने, मग एसटीने सणाला गावी यायचा, तेव्हा पेटीही बरोबर असायची. १९८२च्या संपानंतर कितीतरी माणसं कायमची गावी परतली. पेट्या कुठे देवळात राहिल्या, कुठे माळ्यावर चढल्या. चार महिने पाऊस, बाराही महिने खारा वारा. सागवानाची फळी यातून तगते. भात्याचं कापड झुरळं खातात, पण ते बदलता येतं. पितळेचं मात्र तसं नाही, आणि सगळा गुंता तिथेच आहे.

सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाला रिव्हेटने घट्ट केलेली पातळ पात. मोकळं टोक हवेने थरथरतं. टोकाकडे पितळ कमी केलं की सूर चढतो, रिव्हेटजवळ कमी केलं की उतरतो. साडेतीन सप्तकांच्या, ४२ पट्ट्यांच्या डबल लाइन (दर पट्टीला दोन सूर) पेटीत असे ८४ सूर असतात. किनाऱ्यावर या पातींवर कळंक चढतो. टोकाशी कळंक साचला की तेवढं वजन वाढतं आणि सूर किंचित उतरतो. अशा वेळी पात आधी साफ करायची असते. घाईचा कारागीर तसं करत नाही, कानस घेतो आणि टोक घासतो. पेटी सुरात येते, बुवा (भजनाचे मुख्य गायक) खूश होतात. पुढे कुणीतरी ती नीट साफ करतो, कळंक गेल्यावर सूर चढा लागतो, मग रिव्हेटजवळ घासायची वेळ येते. अशा दोन-तीन फेऱ्यांत पात दोन्हीकडून झिजते आणि डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) भर गजरात तुटते. दोष मात्र ‘डुप्लिकेट सुरां’वर जातो.

त्याहून मोठं नुकसान मंडळांनी स्वतःहून ओढवून घेतलं, असं माझं मत आहे. फ्रान्सने १८५९मध्ये आणि १८८५मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने मूळ धैवताची (पाश्चात्त्य ‘A’ स्वराची) कंपनसंख्या सेकंदाला ४३५ धरली होती. १९३९मध्ये लंडनला ४४० ठरली, आज इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड त्याच मापावर येतो. जुने सूर ४४०च्या थोडे खाली सापडण्यामागे हेही एक कारण असू शकतं. दोन्हींतला फरक अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. एकटी पेटी, पखवाज आणि झांज असेल तर तो कुणाच्या कानाला बोचत नाही, कारण गळा पेटीला धरूनच लागतो आणि पखवाज पेटीवरच मिळवला जातो. भजनात कीबोर्ड आला तेव्हा हा फरक उघडा पडला. मग अख्खीच्या अख्खी पेटी ४४०ला चढवायचा सपाटा सुरू झाला: ८४च्या ८४ पाती टोकाला घासायच्या. कीबोर्डवर पिच खाली आणायची सोय असते, बहुतेकांनी तो मेनू उघडूनही पाहिला नाही.

चढवण्याच्या बाजूनेही लोक बोलतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही. बारीला समोरच्या बुवांची पेटीही सुरात जुळावी लागते, कार्यक्रमागणिक कीबोर्डवाला बदलतो, दर वेळी त्याला सांगत कोण बसणार? तरीही पितळ एकदा गेलं की परत येत नाही, हे त्या उत्तरात कुठेच धरलेलं नसतं.

अलीकडचा प्रकार वेगळा आहे. जुनी पेटी फोडून तिचे सूर नव्या स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणाऱ्या) बॉडीत बसवतात, तुटलेल्यांच्या जागी पालिताण्याचे घालतात. कधी खर्जाची (खालच्या सप्तकाची) लाइन जर्मन, नराची (त्यावरच्या सप्तकाची) नवी. यात फसवणूक असतेच असं नाही, कारागीर चांगला असेल तर अशी पेटी सुरेख बोलते. सांगितलं जात नाही, हा आक्षेप आहे. व्हिडिओत पेटी छान वाजते, पण माइकला लावलेल्या इकोमध्ये दोन लाइनमधला फरक झाकला जातो.

सूर आतल्या फळीच्या खालच्या अंगाला असतात, पट्ट्यांचा भाग वर उचलल्याशिवाय दिसत नाहीत. ‘उघडू नका, हवा जाईल’ हे विक्रेत्याचं नेहमीचं उत्तर त्यामुळेच खपून जातं. उघडल्यावर कंपनीच्या ठशापेक्षा पातीचं टोक पाहावं. जुनं पितळ मळकट तपकिरी असतं, त्यावर कानशीच्या आडव्या चकचकीत रेघा लगेच उठून दिसतात. रिव्हेटजवळही तशाच रेघा असतील तर ती पात बहुधा दोनदा सुरात लावलेली आहे. एखादाच सूर पिवळाधमक असेल तर तो बहुधा नंतर बसवलेला. काही मंडळं आता व्यवहाराआधी दोन्हीकडच्या माणसांसमोर फळी उघडतात, एकेका लाइनचे फोटो काढतात आणि किती पाती घासलेल्या, किती बदललेल्या, ते पावतीवर लिहून घेतात. जुन्या मापावरच ठेवलेल्या, न घासलेल्या पेटीला त्यामुळे वेगळा भाव लागू लागला आहे.