गाठ जाळली, पण कड राहिली तर?

लिव्हरमधली कॅन्सरची गाठ पोट न उघडता नुसती सुई घालून जाळता येते हे आता आपल्या ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच जणांना माहीत झालंय. पेशंट एक-दोन दिवसांत घरी येतो, चालतो-फिरतो, जेवायला लागतो, आणि मग महिन्याभराने डॉक्टरांनी सांगितलेला कॉन्ट्रास्टवाला सीटी (शिरेतून औषध देऊन रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन) मागे पडतो, कारण घरात सगळ्यांना वाटतं आता झालं सगळं. घणसोलीला राहणारे आमचे एक काका अगदी हेच म्हणत होते, "अहो, सुई घालून जाळली ना गाठ? मग आता परत सुया कशाला टोचून घ्यायच्या?" मुलीने हट्टच धरला म्हणून गेले, आणि सीटीत एका रक्तवाहिनीच्या कडेला छोटासा भाग जिवंत राहिलेला दिसला. लहान असतानाच सापडला म्हणून दुसऱ्यांदा मायक्रोवेव्हने जाळता आला. तो तुकडा तसाच राहिला असता तर काय झालं असतं ते मला इथे सांगायचंय, कारण अशा अर्धवट तापलेल्या पेशी नुसत्या उरत नाहीत, त्या बदलतात.

आधी ही ट्रीटमेंट काय आहे ते बघू. लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, आणि तो बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो, म्हणजे हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, फॅटी लिव्हर, आणि या सगळ्यातून आलेला सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक, व्रणांनी भरलेलं होणं. सिरोसिसवाल्या माणसाच्या लिव्हरचा मोठा भाग कापून काढणं धोक्याचं असतं, म्हणून लहान गाठींसाठी जाळायची पद्धत आली. १९९० साली इटली आणि अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी रेडिओफ्रिक्वेन्सीने लिव्हरमधला भाग सुईतून जाळता येतो असं दाखवलं. असं जाळण्याला अब्लेशन म्हणतात, आणि रेडिओफ्रिक्वेन्सीने केलेल्या अब्लेशनला थोडक्यात आरएफए. सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत दीड-दोन मिलिमीटर जाडीची सुई गाठीत घालतात, सेकंदाला चार-पाच लाख वेळा दिशा बदलणारा करंट सोडतात, त्याने पेशींमधले आयन इकडून तिकडे हलतात, घर्षण होतं आणि उष्णता तयार होते. एका जागेवर साधारण १०-१५ मिनिटं. मायक्रोवेव्हची पद्धत वेगळी, तिच्यात पाण्याचे रेणू हलवले जातात, आणि पुष्कळ मशिन्स २.४५ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे घरातल्या मायक्रोवेव्हची जी फ्रिक्वेन्सी तीच.

आता तापमानाचं गणित, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ६० अंशांच्या वर पेशीतली प्रोटीन्स जवळजवळ लगेच गोठतात आणि पेशी मरते. ५० ते ५५ अंशांना ती मरायला चार ते सहा मिनिटं लागतात. १०० च्या वर गेलं तर पाण्याची वाफ होते, सुईभोवती कोळसा जमतो आणि करंट पुढे जातच नाही, म्हणजे जास्त तापवलं की जास्त जळतं असंही नाही. आणि ४२ ते ५० च्या मधला पट्टा हा खरा घोळाचा, तिथे काही पेशी मरतात, काही आजारी पडतात आणि काही तगून राहतात. सुईपासून जसजसं लांब जावं तसं तापमान उतरत जातं, त्यामुळे प्रत्येक जाळलेल्या भागाला असा एक कोमट पट्टा असतोच, तो टाळताच येत नाही. म्हणून डॉक्टर गाठीच्या बाहेरही चहूबाजूंनी निदान ५ मिलिमीटर, जमलं तर १० मिलिमीटर निरोगी लिव्हर मुद्दाम जाळतात, म्हणजे तो कोमट पट्टा निरोगी भागात पडावा, गाठीत नाही.

मग राहतं कुठे? एक तर गाठ मोठी असली की. दोन सेंटिमीटरपर्यंत रिझल्ट फार चांगला, तीनपर्यंत चांगला, त्याच्या पुढे एका सुईचा घेर पुरत नाही, सुई दोन-तीन जागी घालावी लागते आणि मध्ये फट राहण्याची शक्यता वाढते. दुसरं कारण रक्तवाहिन्या. लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं, ३७ अंशाचं, आणि गाठीला चिकटून तीन मिलिमीटरपेक्षा मोठी वाहिनी असेल तर ती उष्णता वाहून नेते. वांगं भाजताना देठाजवळचा भाग कच्चा राहतो ना, बाहेरून साल काळी दिसते पण तिथे चमचा घातला की कळतं, तसंच हे, फक्त इथे चमचा घालून बघता येत नाही. मायक्रोवेव्हला या वाहिन्यांचा त्रास कमी होतो, पण अजिबात होत नाही असं नाही. तिसरं म्हणजे जागा, गाठ पित्ताशयाला, आतड्याला किंवा हृदयाजवळच्या भागाला लागून असेल तर डॉक्टरांना हात राखूनच जाळावं लागतं, आणि ते बरोबरच आहे, आतडं भाजलं तर जिवावर बेतू शकतं.

तर आता त्या कोमट पट्ट्यातली कॅन्सरची पेशी. तिच्यावर काय गुदरतं हे शास्त्रज्ञांनी दोन प्रकारे पाहिलंय, एक म्हणजे लिव्हर कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये ४५-४७ अंशांना काही मिनिटं तापवून आणि वाचलेल्या पेशी वाढवून, आणि दुसरं म्हणजे उंदरांच्या लिव्हरमध्ये गाठ वाढवून ती मुद्दाम अर्धवट जाळून. दोन्हीकडे चित्र पुष्कळसं सारखं दिसतं.

पहिली गोष्ट, पेशी आपली प्रोटीन्स वाचवायला लागते. १९६२ साली इटलीत फेरुचो रितोसा फळमाशांवर काम करत होते, इन्क्युबेटरचं तापमान चुकून वाढलं आणि माश्यांच्या क्रोमोझोमवर काही जागा फुगलेल्या दिसल्या, त्यातूनच पुढे हीट शॉक प्रोटीन्सचा शोध लागला. उष्णतेने वाकडीतिकडी झालेली प्रोटीन्स ही सरळ करतात. बॅक्टेरियापासून माणसापर्यंत सगळ्यांकडे ही आहेत, म्हणजे किती जुनी सोय आहे बघा, आणि कॅन्सरची पेशी तीच वापरते. यातलंच एक, एचएसपी७०, वाढलं की पेशीला मरणाचे सिग्नल कमी लागू पडतात, आणि ती पुढच्या वेळी तीच उष्णता जास्त सहन करू शकते.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. जळालेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, शेजारच्या उरलेल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, आणि मग एचआयएफ-१ नावाचा स्विच चालू होतो (पेशीला ऑक्सिजन कमी आहे हे कसं कळतं या शोधाला २०१९ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं, तोच हा). हा स्विच व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन तयार करायला लावतो आणि त्याने नवीन रक्तवाहिन्या फुटतात. म्हणजे रक्तपुरवठा तुटला म्हणून गाठ उपाशी मरायला हवी तर उलट ती स्वतःसाठी नवीन वाटा करून घेते, आणि त्याच वाटांनी पेशींना बाहेरही पडता येतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पसरण्याचं मूळ तिथे आहे. लिव्हरच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन त्यांना बांधून ठेवतं. अर्धवट तापलेल्या पेशींत हे ई-कॅडहेरिन कमी होतं आणि व्हिमेंटिनसारखी प्रोटीन्स वाढतात, पेशी लांबट होते, शेजारणीचा हात सोडते, आजूबाजूची जाळी विरघळवणारी एन्झाइम्स सोडते आणि सरकायला लागते. गर्भात अवयव तयार होताना आणि जखम भरताना शरीर हेच करतं, तिथे ते हवंच असतं. कॅन्सरची पेशी ती क्षमता उचलते आणि तिथून निसटते.

आणि चौथं, बाजूचं लिव्हर स्वतः. लिव्हर हा पुन्हा वाढणारा अवयव, त्याला इजा झाली की आजूबाजूला वाढीचे सिग्नल सुटतात, इंटरल्युकिन-६, एचजीएफ वगैरे. ते निरोगी पेशींसाठी असतात, पण उरलेल्या कॅन्सरच्या पेशीलाही ते ऐकू येतात. इम्युनिटीचंही दुहेरीच आहे, मेलेल्या गाठीचे तुकडे बघून टी पेशी (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) जाग्या होतात ही चांगली बाजू, पण उंदरांमध्ये अर्धवट जाळलेल्या गाठीत सूज टिकून राहिली की अशा पेशी गोळा होतात ज्या टी पेशींना दाबून ठेवतात.

ही निसटलेली पेशी जाते कुठे? बहुतेक वेळा जवळच. लिव्हर कॅन्सरला पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेच्या) बारीक फांद्यांमध्ये शिरायची सवय असते, आणि त्या फांद्यांतून पेशी लिव्हरच्याच दुसऱ्या भागात जाऊन बसतात, म्हणून आधी लिव्हरमध्येच नवीन गाठी दिसतात. लिव्हरच्या बाहेर गेला तर सगळ्यात जास्त फुप्फुसात, मग लिम्फ नोड्स, हाडं, किडनीवरची अॅड्रिनल ग्रंथी. आणखी एक वाट म्हणजे सुईचीच, सुई बाहेर काढताना तिच्यावरून पेशी मागे राहू शकतात. २००१ साली बार्सिलोनाच्या गटाने ३२ पैकी ४ पेशंटमध्ये असं झाल्याचं छापलं तेव्हा खळबळ उडाली, पण नंतरच्या मोठ्या अनुभवात हे प्रमाण खूपच कमी निघालं. आता सुई थेट गाठीत न घालता थोड्या निरोगी लिव्हरमधून नेतात आणि बाहेर काढताना तिची वाटही जाळत येतात.

हे वाचून कुणी आरएफएला घाबरू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो. वर जे सांगितलं ते बरंचसं डिश आणि उंदरांमधलं आहे, आणि ते पूर्ण जळालेल्या गाठीबद्दल नाहीच, ते उरलेल्या कडेबद्दल आहे. लहान गाठी नीट जाळल्या तर पेशंट वर्षानुवर्षं चांगले राहतात, ऑपरेशनच्या तोडीचे रिझल्ट मिळतात. त्यामुळे जाळायचं की नाही हा प्रश्न बाजूलाच, पूर्ण जळलं का ते बघितलं का, हा प्रश्न विचारायला हवा.

आणि ते बघायचं ट्रिपल फेज सीटीत, म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या फेजमध्ये फोटो काढतात त्या सीटीत, नाहीतर एमआरआयमध्ये. निरोगी लिव्हरला जवळपास तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं, पण या कॅन्सरच्या गाठीला मुख्यतः धमनीतून. म्हणून कॉन्ट्रास्ट दिल्यावर पहिल्या तीस-चाळीस सेकंदांत गाठ लख्ख दिसते आणि नंतर बाकीच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. पूर्ण जळालेला भाग मात्र कुठल्याच फेजमध्ये उजळत नाही. लगेच सीटी केला तर भोवती सूजेमुळे एक बारीक, सगळीकडे सारखी कडा उजळते, ती साधी असते, ती ओसरायला वेळ द्यावा लागतो म्हणून साधारण महिन्याने बोलावतात. जाड, वेडीवाकडी, एकाच बाजूला उजळलेली कड दिसली तर ती संशयाची. नुसती सोनोग्राफी यासाठी पुरत नाही आणि एएफपीची (लिव्हर कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या प्रोटीनची) ब्लड टेस्ट नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण पुष्कळ लहान गाठी एएफपी वाढवतच नाहीत.

कड राहिली असेल तर पुन्हा जाळता येते, किंवा मायक्रोवेव्ह, किंवा धमनीतून औषध सोडून रक्तपुरवठा बंद करणं, म्हणजे टेस, किंवा ऑपरेशन, हे गाठ कुठे आहे आणि लिव्हर किती तग धरेल त्यावर. तीन ते पाच सेंटिमीटरच्या गाठीला तर आधी टेस आणि मग जाळणं असं एकत्र करतात, कारण रक्त कमी झालं की उष्णता वाहून जात नाही. औषध देऊन उरलेल्या पेशी आवरायचे प्रयत्नही झालेत. ऑपरेशन किंवा अब्लेशननंतर सोराफेनिब द्यायची मोठी ट्रायल २०१५ मध्ये फेल गेली, आणि २०२३ मध्ये अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅबच्या जोडीने सुरुवातीला आशा दाखवली, पण पुढच्या वर्षी जास्त काळ बघितल्यावर तो फायदा टिकलेला दिसला नाही. म्हणून सध्या तरी स्कॅनवर लक्ष ठेवणं हेच मुख्य.

पहिला स्कॅन चांगला आला तरी पहिली दोन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी बघतात, कारण सिरोसिसच्या लिव्हरमध्ये वेगळ्या जागी नवीन गाठही येऊ शकते, तिचा जाळण्याशी काही संबंध नसतो. हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर त्याची औषधं चालूच हवीत, अब्लेशन झालं म्हणून ती बंद करायची नाहीत.

कळवा, ऐरोली, घणसोलीकडचे लोक परळच्या टाटाला किंवा खारघरच्या अॅक्ट्रेकला (टाटाचंच तिथलं केंद्र) दाखवायला जातात आणि पुष्कळदा नुसता टाइप केलेला रिपोर्ट घेऊन जातात, त्याने डॉक्टरांचं काम अडतं. जाळण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही स्कॅनची सीडी सोबत न्या, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्या कारण कॉन्ट्रास्ट देण्याआधी किडनी बघतात, आणि डायबिटिसची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा. आधीचा स्कॅन तर हवाच हवा, कारण गाठ नेमकी कुठे होती आणि जळालेला भाग तिला सगळ्या बाजूंनी ५ मिलिमीटर तरी झाकतो का, हे दोन्ही शेजारी शेजारी लावल्याशिवाय मोजताच येत नाही.