पाचारण फक्त पाळकालाच होतं का?

नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ‘त्याला पाचारण झालंय’, म्हणजे देवाचं बोलावणं आलंय, म्हटलं की ऐकणारा धरून चालतो, मुलगा सेमिनरीत, पाळक व्हायच्या शिक्षणाला, निघाला. मुलगी असेल तर सिस्टर होणार. सातपूरच्या कारखान्यात सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, म्हणून लागलेल्या मुलाला मात्र नुसती ‘नोकरी लागते’.

हा भेद पवित्र शास्त्रातला नाही. इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल ‘पाचारणाला शोभेल असे वागा’ म्हणतो ते सगळ्या मंडळीला, आणि त्याच पत्रात पुढे दास, धनी, नवरा-बायको, मुलं या सगळ्यांशी बोलतो. स्वतः पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करायचा.

फाटा फुटला चौथ्या शतकात. कैसरियाचा बिशप युसेबियस याने ख्रिस्ती जीवनाच्या दोन पायऱ्या मांडल्या: वर संसार सोडून देवाला वाहिलेले, खाली शेती, व्यापार, लेकरंबाळं करणारे. हजारेक वर्षं ही उतरंड टिकली. तरी सगळ्याच मठांनी हाताच्या कामाला हलकं मानलं नाही. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत कोठाराच्या कारभाऱ्याला सांगितलंय की मठाची सगळी भांडीकुंडी, अवजारं वेदीवरच्या पात्रांसारखी सांभाळ. म्हणजे कुदळीची निगा प्याल्यासारखी. कारागीर साधूला कसबाचा गर्व झाला तर त्याला त्या कामावरून काढायचं, आणि मठाचा माल बाहेरच्यापेक्षा थोडा स्वस्तच विकायचा, हेही त्यात आहे.

उतरंड मोडली जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने. 1520 नंतर त्याने ‘बेरूफ’, म्हणजे बोलावणं, हा जर्मन शब्द मोच्याच्या, मोलकरणीच्या, बापाच्या रोजच्या कामाला लावला. 1522 मध्ये लग्नाविषयी लिहिताना त्याचं उदाहरण बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाचं आहे: लोक हसले तरी देव आणि देवदूत आनंदतात. त्याचं कारण साधं होतं. देवाला आपल्या कामाची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. पुढे इंग्लंडमध्ये धर्मपंडित विल्यम पर्किन्सने दोन पाचारणं वेगळी करून सांगितली: एक सर्वांना सारखं, ख्रिस्ती होण्याचं, दुसरं ज्याचं त्याचं, कामधंद्याचं. दुसरं ओळखायचं ते ओढ आणि अंगचे गुण पाहून, आणि निवाडा एकट्याने करायचा नाही, कारण आपल्या गुणांविषयी माणूस सहज फसतो.

आपल्याकडे या शिकवणीला एक मोठा धोका आहे, आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. 1 करिंथ 7:20 मध्ये पौल म्हणतो, पाचारण झालं त्याच स्थितीत राहा. बलुतेदारीच्या मुलखात हे वाक्य सुटं वाचलं की ‘बापाचा धंदा सोडू नकोस’ असं ऐकू येतं. पुढचंच वचन वाचायचं राहून जातं: दास असून मोकळं होता येत असेल तर ती संधी घे. जातीने लादलेलं काम आणि देवाने सोपवलेलं काम एक नव्हे.

शरणपूरचा इतिहास इथे कामाला येतो. 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. बाप्तिस्मा घेतला की घर तुटायचं, बलुतंही जायचं. म्हणून उपासनेइतकंच हाताला काम देणं गरजेचं होतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आली आणि अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट 1873 मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूवेळी आफ्रिकेत होता. लिव्हिंग्स्टनचं हृदय तिथेच पुरताना जेकबने प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली, सामानाची यादी लिहिली. पाळकपदाची दीक्षा झालेला तिथे कोणी नव्हता. प्राइस पुढे मोंबासाजवळ फ्रीरटाउन या सोडवलेल्या गुलामांच्या वसाहतीवर गेले, तेव्हा नाशिकला शिकलेले आफ्रिकन हीच तिथली कसबी माणसं होती.

कॅथलिक बाजूने 1955 मध्ये पोप पायस बाराव्याने 1 मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरवला. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पावित्र्याचं पाचारण सर्वांनाच आहे असं लिहून ठेवलं.

आज नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात सेटर मशीन लावतो, पहिला पीस काढतो आणि मायक्रोमीटरने मोजतो. माप मर्यादेबाहेर असताना लॉट चालू केला तर पुढचे शेकडो पीस भंगारात जातात किंवा, त्याहून वाईट, कुणाच्या गाडीच्या ब्रेकमध्ये. लूथरचा शेजारी तो गाडीवालाच.

उलट बाजूचा घोटाळाही नेहमीचा. ‘जे काही कराल ते प्रभूसाठी करा’ हे कलस्सैकरांचं वचन नर्सला किंवा शिक्षिकेला बिनपगारी जादा तास करून घ्यायला ऐकवलं जातं. तीनच वचनांनंतर, चौथ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात, पौल धन्यांना सांगतो की दासांना न्यायाने आणि समतेने द्या. पोप जॉन पॉल दुसऱ्याने 1981 च्या पत्रात रास्त मजुरी ही सगळ्या आर्थिक व्यवस्थेच्या न्यायाची कळीची कसोटी धरली आहे.