केसपेपरवर न उमटणारा आजार

कोपरखैरणे असो वा ठाण्याचे वागळे इस्टेट, फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी सातनंतर बाकांवर जी गर्दी असते, तिच्या तक्रारी बहुतेक शरीराच्याच असतात. डोके जड आहे, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, अंगात त्राण नाही. एखादी चाळिशीतील गृहिणी पिशवीतून ईसीजी, थायरॉइड, बी-१२ असे सगळे रिपोर्ट काढून टेबलावर मांडते. ते नॉर्मल आहेत हे ऐकून तिचा चेहरा आणखीच पडतो, कारण त्रास खरा आहे आणि त्याला नाव मिळालेले नाही. केसपेपरवर ‘अशक्तपणा’ लिहिले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला १४ देशांतील १५ केंद्रांवर, त्यांत आपले बंगळूरही होते, सामान्य दवाखान्यांत आलेल्या सुमारे २६ हजार रुग्णांची प्राथमिक चाळणी केली आणि त्यांतून निवडलेल्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. सुमारे २४ टक्के रुग्णांना, म्हणजे चौघांमागे जवळपास एकाला, निदान करता येईल असा मानसिक विकार होता. नैराश्य सर्वांत पुढे, दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्याखालोखाल चिंताविकार. आपल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढ लोकसंख्येतील प्रमाण १०.६ टक्के आढळले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने या दोन आकड्यांची वजाबाकी करू नये, पण दवाखान्याच्या बाकावर असे रुग्ण अधिक दाटीने बसलेले असतात हे मात्र दिसते.

त्याच चौदा देशांच्या माहितीवरून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले एक विश्लेषण मला सर्वांत मोलाचे वाटते. नैराश्य असलेल्यांपैकी ६९ टक्के रुग्णांनी डॉक्टरांकडे येण्याचे कारण म्हणून केवळ शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या; मात्र थेट विचारल्यावर मानसिक लक्षणे नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. म्हणजे लोक लपवत नव्हते, त्यांना कोणी विचारले नव्हते.

शरीराच्या या तक्रारी काल्पनिकही नसतात. सततच्या चिंतेत ॲड्रेनॅलिन वाढून हृदय जोराने धडधडते, मान आणि कपाळाचे स्नायू आखडून डोके दुखते, आणि नकळत श्वास भरभर होऊ लागला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन हातांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. त्या गृहिणीच्या मुंग्यांचे कारण बी-१२च्या रिपोर्टमध्ये सापडणार नव्हते.

गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असे झाले का, आणि उदास किंवा हताश वाटले का, या दोन प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. तिला मिनिटही लागत नाही. तिने निदान होत नाही, पण पुढे काय विचारायचे ते कळते. ‘मानसिक’ म्हटले की ठाणेकरांच्या डोळ्यांसमोर प्रादेशिक मनोरुग्णालय उभे राहते, परंतु यांतील बहुतेकांना तिथे भरती होण्याची वेळच येत नाही. गोव्यात मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक दवाखान्यांत बसवले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे अधिक संख्येने बरे झाले. ज्यांच्या जवळ अशी सोय नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येते.