ट्रॅपमधला पेलेट परत बॅरलमध्ये नको
(एअर रायफल, एअर पिस्तूल घेतलेल्या ग्राहकांसाठी)

पेलेटच्या (एअर गनच्या शिशाच्या गोळ्यांच्या) टिनचा, म्हणजे डब्याचा भाव वाढला की काउंटरवर दोन प्रश्न येतातच. घरी काडतूस भरून पैसे वाचतील का? आणि ट्रॅपमधले, म्हणजे निशाण्यामागच्या पेटीत अडवलेले पेलेट सरळ करून पुन्हा चालतील का?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. काडतूस बनवणं आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 5 खाली येतं. त्याला वेगळं लायसन लागतं, तुमच्या बंदुकीच्या परवान्यात ते धरलेलं नाही. पॉइंट टू-टूच्या (.22 बोअरच्या) काडतुसाचं तर विचारूच नका. त्याचा पेटणारा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो आणि पिनचा ठोका बसला की ती कड कायमची चेपते. भरायचं सामान आम्ही ठेवत नाही, कुठे मिळतं तेही सांगत नाही.

आता दुसरा प्रश्न, कारण सर्व्हिसिंगला येणाऱ्या बंदुकांचं खरं दुखणं तिथेच आहे.

पेलेटचा मागचा भाग म्हणजे स्कर्ट, पातळ शिशाचा. हवेचा दाब आला की तो फुगतो आणि बॅरलच्या, म्हणजे नळीच्या आतल्या आट्यांत (पिळदार खाचांत) घट्ट बसतो. एकदा सुटलेल्या पेलेटवर त्या आट्यांचे चरे उमटलेले असतात. पडद्याच्या कापडाने अडवलेला पेलेट दिसायला चांगला असतो, पण नखाने फिरवून बघा, स्कर्ट गोल राहिलेला नसतो. पकडीने दाबून तो गोल होत नाही, फक्त दुसरीकडून चेपतो. त्यात शिसं मऊ, म्हणून ट्रॅपमधली वाळू आणि लोखंडाची कीस त्यात रुतून बसते. हा पेलेट आट्यांवरून जातो तेव्हा पॉलिश पेपरचं काम करतो.

पुढचं आणखी महागात जातं. असा पेलेट मध्येच अडकतो आणि मग घरातली सायकलची तार किंवा छत्रीची काडी नळीच्या तोंडातून आत जाते. नळीचं तोंड, म्हणजे क्राउन, तिथे एक बारीक ओरखडा पडला तरी पेलेट सुटताना एका बाजूने हवा आधी निसटते आणि नेम एकाच दिशेला सरकतो. मग तक्रार येते ‘साइट बिघडली’. साइटला काही झालेलं नसतं. पेलेट अडकला तर काही ढोसू नका, बंदूक तशीच घेऊन या. साफसफाई घरी करायची तर दोरी मागून पुढे ओढायची आणि फेल्टचे तुकडे वापरायचे. तेल लावलेला पेलेट नको. स्प्रिंगच्या बंदुकीत तेल पेट घेतं आणि सील जळतं.

वितळवून साच्यात ओतायचं कोणी सुचवलं तर तेही टाळा. शिशाचा धूर घरात, स्वयंपाकाच्या गॅसवर, लेकरांच्या जवळ नको. साधे पेलेट हाताळल्यावरही साबणाने हात धुवूनच खा.

पैसे वाचतात ते इथे. मॅचमध्ये 60 शॉट असतात, म्हणून सरावातही रोज 60 मारायचे असा नियम नाही. मॅच रायफलला ड्राय फायरची, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबायची सोय असते, अर्धा सराव त्यावर करा. (स्प्रिंगच्या बंदुकीत हे करू नका. समोर पेलेट नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो थेट आदळतो.) उरलेल्या सरावाला 0.53 ग्रॅमचा साधा फ्लॅटहेड (चपट्या तोंडाचा पेलेट) पुरतो, भारी टिन जिल्हा आणि राज्य स्पर्धेपुरतं ठेवा. भारी टिन घेण्याआधी दोन-तीन लॉटमधले पाच-पाच पेलेट आमच्या अडकणीवर (बंदूक घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर) तुमच्याच बंदुकीतून मारून बघा. ज्याचा छिद्रांचा पुंजका लहान, त्याच लॉट नंबरचे चार टिन एकदम घ्या. टेस्टचे पैसे घेत नाही.

उघडलेलं टिन परत घेत नाही, यावर काही जण रागावतात. कारण साधं आहे. टिनच्या झाकणाखाली फोमचा गोल तुकडा असतो, तो बहुतेक जण फेकून देतात. मग जिंतूर ते परभणी एसटीत दप्तरात पेलेट खळखळत येतात आणि स्कर्ट चेपतात. असं टिन दुसऱ्या पोराला कसं द्यायचं? फोम जपा.

वापरलेलं शिसं मात्र फेकू नका. 500 पेलेटचं वजन साधारण 265 ग्रॅम भरतं. दोन-तीन किलो साचलं की घेऊन या, त्या दिवसाच्या भंगाराच्या भावाने नव्या टिनच्या बिलातून वजा करू.

मे महिन्याचं एक राहिलं. 200 बार दाबाला भरलेलं बंदुकीचं हवेचं सिलिंडर 25 अंशांवरून बंद गाडीत 60 अंशांवर गेलं की दाब सुमारे 223 बार होतो. डिकीत ठेवू नका, आणि सिलिंडरवरची मुदतीची तारीख स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, आजच बघा.